जोडसायकलीचं मागचं हँडल

गोरक्षला संध्याकाळनंतर दिसतं की नाही, हा घोर मालनच्या मनाला लागून दोन पावसाळे झाले होते. त्यातला एक पावसाळा पडलाच नव्हता, पण घोर दोन्ही वर्षं सारखाच होता.

दिवसा त्याला चांगलं दिसायचं. बांधाला सायकल टेकवून तो उसाच्या पानाचा रंग बघायचा आणि या फडाला पाणी किती दिवसांपूर्वी मिळालंय ते सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं. दिवेलागणीला मात्र वस्तू त्याच्या वाटेत यायला लागायच्या. त्याचं म्हणणंच तसं असायचं, की वस्तू वाटेत येतात. ओसरीवरची खाट लग्नात आली तेव्हापासून एकाच जागी होती. तिच्यावर नडगी आपटली की तो विचारायचा, खाट इकडं कुणी सरकवली. मालन म्हणायची, केशरनं सरकवली असेल. केशर त्यांची एकुलती एक मुलगी, चौथीत होती, आणि न केलेल्या पुष्कळ गोष्टी तिच्या नावावर जमा होत. चावडीपुढचा विजेचा खांब बोर्डानं चुकीच्या जागी रोवला होता. देवळाची पायरी गवंड्यानं उंच बांधली होती. एकदा तर भिंतीला उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंढ्यांना त्यानं 'राम राम पाटील' घातला, आणि उत्तर आलं नाही तेव्हा घरात येऊन सांगितलं, की पाटलांना हल्ली फार ताठा आलाय. मालननं ते ऐकून घेतलं आणि ताट वाढलं.

तिनं कधी सरळ विचारलं नाही, त्याला कारण होतं. गोरक्ष साखर कारखान्याचा चिटबॉय होता. नावात बॉय असला तरी हे काम म्हातारे होईपर्यंत माणसं करतात. देवळाली प्रवऱ्याच्या भोवतालचं शिवार त्याच्याकडे होतं. कुणी ऊस कधी लावला याची नोंद घ्यायची, कुणाचा कधी तयार होतोय ते बघायचं, आणि हंगाम सुरू झाला की कुठल्या फडात कुठल्या टोळीनं तोड करायची त्याची चिठ्ठी द्यायची. पावसाळ्यात हे काम उजेडी चालतं. हंगामात ते अंधारात चालतं. भल्या पहाटे टोळीला फड दाखवायचा, आणि रात्री भरलेल्या गाड्या कारखान्याच्या रस्त्याला लावून द्यायच्या. ज्याला अंधारात दिसत नाही असा चिटबॉय कुठला कारखाना ठेवील? विचारलं असतं तर गोरक्षला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर एकदा घरात बोललं गेलं की ते बाहेर जायला वेळ लागत नाही. म्हणून मालन विचारत नव्हती आणि खाट केशर सरकवत होती.

गोरक्ष मूळचा शेवगावकडचा. तिकडं जमीन होती, पाणी नव्हतं. दसरा झाला की त्याचे आईवडील, रतनबाई आणि छगन, गाडीला बैल जुंपून कारखान्याच्या मुलखात ऊस तोडायला येत आणि उन्हाळा लागला की परत जात. गोरक्षचं अर्धं बालपण उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत गेलं आणि अर्धं गावच्या शाळेत. दोन्हीकडे तो पाहुणाच होता. गावची पोरं त्याला कारखानेवाला म्हणत आणि कारखान्यावरची पोरं त्याला शेवगाव्या म्हणत. पण हिशेब पक्का होता आणि अक्षर चांगलं होतं. तो मॅट्रिक झाला तेव्हा टोळीच्या मुकादमानं शेतकी ऑफिसात त्याचं नाव घातलं. पुढच्या हंगामात त्यानं पहिली चिठ्ठी फाडली ती आपल्याच बापाच्या टोळीची. छगन चारचौघांत त्याला साहेब म्हणायचा आणि कोपीत गोऱ्या म्हणायचा, आणि दोन्ही नावांनी हाक मारून पाणीच आणायला सांगायचा.

या छगनची एक गोष्ट गोरक्ष स्वतः कधी सांगत नसे, पण रतनबाई सांगत. छगनला रात्री दिसत नव्हतं. आणि हे बरीच वर्षं कुणालाच माहीत नव्हतं, कारण फडापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता त्याच्या बैलांना पाठ होता. छगन गाडीवर कासरा धरून बसायचा, बैल गाडी न्यायचे, वजनकाट्यावर उभी करायचे, रिकामी परत आणायचे. मग एका हंगामात थोरला बैल बसला आणि त्याच्या जागी नवा घेतला. नव्या बैलानं पहिल्याच रात्री भरली गाडी पाटाच्या चारीत घातली. चारीत पाणी नव्हतं म्हणून माणूस वाचला. त्यानंतर छगन रात्री गाडीवर गेला नाही. गाडी रतनबाई हाकायच्या आणि छगन दिवसभर मोळ्या बांधायचा.

मालनचं माहेर केडगावचं. वडील जकात नाक्यावर कारकून, घरात वर्तमानपत्र येणारं. तिनं नगरच्या कॉलेजातून बी. ए. केलं होतं, इतिहास घेऊन. एवढं शिकलेल्या मुलीला स्थळं सांगून येईनाशी झाली, कारण येणारा प्रत्येक मुलगा तिच्यापेक्षा कमी शिकलेला निघे आणि ते त्याच्या आईला आधी खटके. गोरक्ष मॅट्रिक होता, पण रतनबाईंना बी. ए. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिथं काही अडलं नाही. मुलगी बघायला तो सायकलवर आला, चहा घेतला, थोडं बोलला, आणि दिवस मावळायच्या बराच आधी उठला. राहायचा आग्रह झाला तरी थांबला नाही. मालनचे वडील म्हणाले, मुलगा वेळेचा पक्का दिसतो.

दुष्काळाच्या वर्षी ऊस जागेवर वाळला. हंगाम नावाला झाला. कारखान्यानं गोरक्षला चारा वाटपावर बसवलं आणि ते काम उन्हात चालायचं. त्या वर्षानं गावातल्या प्रत्येक घराचं काही ना काही नेलं. गोरक्षचं गुपित मात्र त्यानं वर्षभर झाकून ठेवलं. पुढच्या साली पाऊस झाला, पाटाला पाणी आलं, लागणी झाल्या. दसऱ्याला बॉयलर पेटणार अशी बातमी आली. सगळ्यांना बरं वाटलं. मालनलाही वाटलं, आणि मग तिला पहाटेचे फड आठवले.

श्रावणात गोरक्ष एक मोडकी लेडीज सायकल खांद्यावर टाकून घरी आला. मालननं विचारलं, ही कुणाची? तो म्हणाला, "केशरची. म्हणजे होणार आहे."

स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर मालननं कॉलेजच्या वेळच्या इंग्रजी मासिकाची पानं कातरून अंथरली होती. डाळीच्या डब्याखालच्या पानावर एक गोरा माणूस आणि त्याची बायको एकाच लांबलचक सायकलवर बसलेली होती, दोन सीटं, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. डाळ काढताना तो ते चित्र बघायचा. एकदा त्यानं खाली काय लिहिलंय ते विचारलं होतं आणि मालननं वाचून दाखवलं होतं, की अशा सायकलीला टँडेम म्हणतात आणि तिकडे आईबाप मुलांना घेऊन तिच्यावर रपेटीला जातात. आता त्यानं डबा उचलला, पान काढून घेतलं आणि घडी करून खिशात टाकलं. डाळीच्या डब्याखाली फळी उघडी पडली.

मच्छिंद्रचं वेल्डिंगचं दुकान वेशीपाशी होतं. तो नांगराचे फाळ, टायरगाडीचे साटे, असली कामं करायचा. त्यानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्यात पुढं बसलेला हाकतोय," तो म्हणाला. "मागची बाई नुसतीच बसलीय."

"मागचीही पाय मारते," गोरक्ष म्हणाला.

"मारती का मारल्यावानी करती, ते चितरात कसं कळायचं?"

गोरक्षचा बेत असा होता, की पुढचा भाग लेडीज सायकलीचा, ठेंगणा, त्यावर केशर. मागचा भाग त्याच्या स्वतःच्या सायकलीचा, त्यावर तो. लेडीजचं मागचं चाक काढायचं, त्याच्या सायकलीचं पुढचं चाक काढायचं, आणि दोन्ही सांगाडे जोडायचे. केशर पुढे का, असं मालननं विचारलं. पुढे असली म्हणजे नजरेसमोर राहील, असं तो म्हणाला. हे उत्तर तिला पटलं, आणि पटल्यावर ती बराच वेळ फळीकडे बघत राहिली.

कारणं त्याच्याकडे तयार होती. केशरची शाळा त्याच्या वाटेवरच होती. पोरगी एवढं चालून दमते. सुट्टीच्या दिवशी बरोबर आली तर शिवार ओळखू लागेल. मालननं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. हँडल आणि ब्रेक मोठ्या माणसाच्या हातात पाहिजे. पोरीच्या हातातलं हँडल नुसतं धरायला. गोरक्षनं मान डोलावली. मच्छिंद्रनं मग मागच्या हँडलापासून पुढच्या चिमट्यापर्यंत एक लांब सळई बसवली, दोन्ही टोकांना बोल्ट. मागचं हँडल वळवलं की पुढचं चाक वळायचं. ब्रेकही मागे घेतला. मालन स्वतः दुकानात जाऊन बघून आली. तिनं मागचं हँडल डावीकडे केलं, चाक डावीकडे गेलं. उजवीकडे केलं, उजवीकडे गेलं. मच्छिंद्र म्हणाला, "वैनी, आमी नांगर करतो, सरळच करतो."

सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागतो. गोरक्षच्या सायकलीला होता. पण रस्त्यावर डबलसीट जाणाऱ्याला पोलीस धरत, आणि ही सायकल तर जन्मापासूनच डबलसीट होती. बिल्ल्याच्या खिडकीवरच्या माणसानं बाहेर येऊन ती नीट बघितली, भोवती एक फेरी मारली. त्याच्या मते ही एक सायकल असेल तर तिच्यावर दोघं बसणं गुन्हा होता, आणि दोन असतील तर दोन बिल्ले हवेत. गोरक्ष म्हणाला, दोन आहेत, मी त्या दोन घेतानाच बघितल्यात. खिडकीवाल्यानं दुसरा बिल्ला दिला. पुढे राहुरीच्या बाजारात शिपायानं अडवलं तेव्हा गोरक्षनं दोन्ही बिल्ले दाखवले आणि समजावलं, की या दोन सायकली असून प्रत्येकीवर एकेकच माणूस बसलंय, फक्त त्या जवळजवळ चालल्यात. शिपायानं विचार केला आणि अंतर ठेवून चालवा असं सांगून सोडून दिलं.

पहिले काही दिवस गाव बघायला जमत असे. कुणी तिला आगगाडी म्हणालं, कुणी टायरगाडीची धाकटी बहीण. शेजारच्या गोजरबाईंनी विचारलं की घरात एवढी माणसं कुठं आहेत. मग सवय झाली. सकाळी दोघं निघत. केशरच्या वेण्या पुढे, गोरक्षची टोपी मागे. ती शाळेत उतरली की तो एक रिकामं सीट घेऊन शिवारात जाई, आणि शाळा सुटायच्या वेळी दारात हजर असे. नंतर नंतर तो तिला घेऊन संध्याकाळचा फेरा करू लागला. परतायला दिवस बुडायचा. मालन दारात उभी राहायची. लांबून आधी केशरचा आवाज यायचा. ती सारखी बोलत यायची. अण्णा, गाडी आली. अण्णा, डावीकडं म्हैस. अण्णा, खड्डा. त्याला अधूनमधून घंटा वाजवायची असे, ती तो वाजवी.

मालनला ते बोलणं आवडायचं नाही, आणि का आवडत नाही हे ती स्वतःला सांगत नव्हती. बापलेकीचं कौतुक करणारी माणसं तिला भेटत. मुलगी किती बोलकी झाली, असं मास्तरीणबाई म्हणाल्या. मालन म्हणाली, हो, झालीय.

केडगावला मालनचा भाऊ होता, सहादेव. तो नगरला डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता. एक फोन केला असता तर त्यानं नंबर लावून ठेवला असता. पण देवळालीत फोन पोस्टात, आणि पोस्टातल्या फोनवर ट्रंक कॉल लागला की ओरडावं लागे. ओरडलं नाही तर नगरला ऐकू जात नसे, आणि ओरडलं की नगरच्या आधी गावाला ऐकू जाई. पोस्टाच्या ओट्यावर माणसं कायम बसलेली, आणि कारखान्याचा शिपाई टपाल न्यायला त्याच वेळी यायचा. मागे रंगुबाईंनी मुंबईच्या मुलाला फोनवरून नवऱ्याच्या मूळव्याधीचं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गावातला प्रत्येक माणूस त्या गृहस्थाला बसायला खुर्ची देऊन आधी तिच्यावर उशी टाकू लागला. मालन दोनदा पोस्टापर्यंत गेली आणि दोनदा पोस्टकार्ड घेऊन परत आली. पोस्टकार्ड तर पोस्टमन वाचतोच, आणि बंद पाकीट तो आधी उजेडाला धरतो. ती तशीच कोरी राहिली.

नवरात्रात रतनबाई आल्या. त्यांची ऊसतोड आता सुटली होती, पण दसऱ्याच्या आधी या मुलखात यायची पायांना सवय होती. त्यांनी जोडसायकल बघितली, हात लावून बघितली, आणि म्हणाल्या, "लई लांब हाय. वळती का?"

मालननं सांगितलं, वळते, हे वळवतात.

"गोऱ्या?" रतनबाई म्हणाल्या. संध्याकाळी बापलेक परत आली. केशर बोलत आली, म्हैस, दगड, वळण. रतनबाई ओट्यावर वाती वळत होत्या. त्यांनी कान दिला. मग वातीकडे बघतच म्हणाल्या, "त्येच्या बापाच्या बैलांना बोलता येत न्हवतं. एवढंच काय ते."

मालनच्या हातातलं सूप तिथंच राहिलं. एवढे दिवस ती ज्याच्या कडेकडेनं फिरत होती ते रतनबाईंनी वाती वळता वळता मांडून ठेवलं होतं. तिनं विचारलं, आत्याबाई, घरात आणखी कुणाला होतं का असं? रतनबाई म्हणाल्या, "व्हय. मामांजीस्नी हुतं. नणंदंलाबी हुतं. ती दिवस मावाळला की चुलीम्होरं बसायची, उठायचीच न्हाई. आमाला वाटायचं, आळशी हाय."

खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पूजेला मांडतात. कोयता, विळा, पाटा-वरवंटा, मच्छिंद्रच्या दुकानातली मशीनसुद्धा त्या दिवशी हळदकुंकू लावून बसते. गोरक्षच्या घरी कोयता छगनचा होता आणि सायकल गोरक्षची. पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, त्याला विसावा. सायकल धुवायचं काम दरवर्षी मालन करायची. सकाळी तिनं ती आडाजवळ घेतली, नारळाच्या शेंडीनं चाकं घासली, ओल्या फडक्यानं सांगाडा पुसला. मग कुंकू लावायला मागचं हँडल धरलं आणि सायकल जरा सरळ करावी म्हणून ते वळवलं.

पुढचं चाक हललं नाही.

तिनं दुसरीकडे वळवलं. हँडल गेलं, चाक तसंच. ती खाली बसली. सळईच्या पुढच्या टोकाला बोल्ट नव्हता. सळई वर उचलून सांगाड्याला सुतळीनं बांधली होती, नीट, तीन ठिकाणी, आणि सुतळीवर काळा रंग मारला होता. रंग जुना झाला होता. तिनं पुढचं, केशरचं हँडल धरून वळवलं. चाक गुमान वळलं.

तिनं केशरला हाक मारली. केशर हातात झेंडूच्या माळा घेऊन आली. मालननं शांतपणे विचारलं, सायकल कोण वळवतं?

"मीच," केशर म्हणाली. "दोघांनी वळवली की ती हेलकावे घ्यायची. मग मच्छिंद्रकाकांनी बोल्ट काढला. अण्णा म्हणाले, तू चांगली वळवतेस. एकटे असले की ते माझ्या सीटवर बसतात."

"आणि अंधार पडल्यावर?"

"तेव्हा पण मीच."

"तुला दिसतं अंधारात?"

केशरनं माळ सीटवर ठेवली आणि जरा विचार केला. "जवळचं दिसतं. अण्णांपेक्षा मला जास्त दिसतं. अण्णा म्हणतात, आपल्या घरात सगळ्यांना तेवढंच दिसतं."

मालन म्हणाली, बरं. माळ हँडलाला बांध, चाकात अडकवू नकोस. केशर बांधू लागली. मालननं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, ते पुन्हा काढलं आणि पुन्हा पिळलं. संध्याकाळी केशर माठापाशी चाचपडते, ओसरीवरून उतरताना आधी पाय पुढं करून बघते, हे तिनं कितीदा बघितलं होतं, आणि दर वेळी तिला वाटलं होतं, पोरगी बापाची नक्कल करते. हसलीही होती ती एकदा. आणि तीच पोरगी आणखी दोन दिवसांनी, हंगाम सुरू झाल्यावर, भल्या पहाटे, भरलेल्या टायरगाड्यांच्या रस्त्यावर पुढच्या सीटवर बसणार होती. मागं बसलेल्याला काही दिसत नव्हतं, आणि पुढं बसलेलीला घरातल्या सगळ्यांइतकंच दिसत होतं.

गोरक्ष ओसरीवर छगनचा कोयता घासत बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं, मग तिच्या मागं आडाजवळच्या सायकलीकडे बघितलं. ऊन होतं. त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं.

"ब्रेक माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

"कधी दाबता?"

"ती सांगते तेव्हा."

मालन त्याच्यासमोर खाली बसली. रतनबाई आत पुरण वाटत होत्या, त्यांचा वरवंटा थांबला. मालननं त्याला सांगितलं, केशर काय म्हणाली ते, जसंच्या तसं. माठाचं सांगितलं. त्याच्या आत्याचं सांगितलं, जी चुलीपुढून उठत नव्हती. ती आवाज न चढवता बोलली आणि तो कोयत्याच्या पात्यावरून राख पुसत ऐकत राहिला. पातं केव्हाच लख्ख झालं होतं.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तिला माझ्यापेक्षा पुष्कळ दिसतं."

"तिलाही तसंच वाटतं."

त्यानं कोयता पाटावर ठेवला, मूठ पूर्वेकडे केली, मग पुन्हा नीट केली. त्याच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, पण कोयता दोनदा नीट केलेला तिनं कधी बघितला नव्हता. नोकरीची गोष्ट दोघांच्या मध्ये तिथंच बसली होती, पूजेच्या आणखी एका हत्यारासारखी.

"सहादेवला फोन करते," मालन म्हणाली. "दोघांचा नंबर लावायचा. तुमचा आणि तिचा."

"ट्रंक कॉलला ओरडावं लागतं."

"हो."

"ओट्यावर माणसं असतील. कारखान्याचा शिपाईही येतो."

"येऊ दे."

आत वरवंटा पुन्हा सुरू झाला. गोरक्षनं पाटावर हळदकुंकवाचं तबक सरकवलं, आणि ते सरकवताना, जणू पंचांगातलं काही आठवलं अशा आवाजात म्हणाला, "मग आजच कर. उद्या दसरा. पोस्ट बंद असतं."

मालन उठली. केशरला पाय धुऊन चप्पल घालायला सांगितलं. सायकल माळा घालून आडाजवळ उभी होती, दोन्ही बिल्ल्यांना हळद लागली होती आणि तिला आता विसावा होता. पोस्टापर्यंत चालतच जावं लागणार होतं. जाता जाता काय ओरडायचं ते मालननं मनात जुळवून बघितलं. नवऱ्याला दिसत नाही, मुलीलाही दिसत नसावं, नंबर लाव. एवढंच होतं. नगरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते ती म्हणणार होती.